दुपारी तुंबलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. हसू नका! आम्हा नळ्यांचं आयुष्य ते केवढं? एक उन्हाळा काढला की आम्ही म्हाताऱ्या.

कारखान्यातून मी पुण्याच्या एका इस्पितळात आले आणि सदाशिव पेठेतल्या श्यामलाबाईंच्या दंडातून आत शिरले, ती थेट हृदयाजवळ पोचले. बाईंचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तोंडानं खाल्लेलं अंगी लागत नव्हतं आणि हातांच्या बाकीच्या शिरा सुया टोचून टोचून निकामी झाल्या होत्या. त्यामुळे त्यांचं सगळं जेवण, म्हणजे पिशवीतलं दुधासारखं पांढरं पाणी, माझ्यातूनच जायचं. केवढा मान! पण खरं सांगू? आत फार एकटं वाटायचं. येणारेजाणारे बाईंची विचारपूस करत, पिशवीकडे बघत. माझी आठवण कुणाला?

पुढे बाई मला घेऊनच घरी आल्या. तिथे माझी आठवण ठेवत त्या घरोघर पेशंट बघणाऱ्या सोजर सिस्टर. पिशवी संपायच्या वेळेला, भर दुपारी, त्या घरी येत. मिठाच्या पाण्याची सिरिंज लावून थोडं ढकलत, थांबत, पुन्हा थोडं ढकलत. "आत काही राहिलं तर तुंबेल हो ही," असं म्हणत. दिवसभरात माझ्याबद्दल कुणी बोले ते एवढंच.

बाईंचे यजमान दीनानाथराव निवृत्त मुख्याध्यापक. दुपारी एक ते चार त्यांच्या घरी भांडंसुद्धा वाजलेलं चालत नसे. एकदा बाईंचा डोळा लागला आणि तेवढ्यात सिस्टर आल्या. दीनानाथरावांनी दार किलकिलं केलं.

"अहो, ही काय यायची वेळ? किती दिवसांनी झोपलीय ती. पिशवी संपली, मी नळीचा चिमटा बंद केलाय."

"आजोबा, नुसती बंद करून भागत नाही. धुवावी लागते. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग ते चारनंतर करा."

सिस्टरांना पुढे विश्रांतवाडीचा पेशंट होता. संध्याकाळी येते म्हणून त्या गेल्या.

मी ओरडणार कशी? ते पांढरं माझ्या आतल्या अंगाला चिकटत गेलं, टोकाशी रक्त साकळलं. जीव नुसता कासावीस झाला.

संध्याकाळी सिस्टरांनी सिरिंज लावली, पण पाणी काही जाईना.

"जरा जोर लावा की!" दीनानाथराव म्हणाले.

"नको आजोबा. नळी फुटेल, नाहीतर गुठळी आत जाईल. इस्पितळात चला."

तिथे गुठळी विरघळायचं औषध माझ्यात भरून ठेवलं. मी वाट बघत राहिले. गुठळी काही सुटली नाही. शेवटी डॉक्टरांनी मला हळूच ओढून काढलं.

"आता मानेतली शीर बघू. मिळेलच असं नाही," ते म्हणाले.

दीनानाथराव बाकावर बसले. "तिला जरा झोप मिळावी म्हणून हो..." ते डॉक्टरांना म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, पण त्यांच्याकडे बघून तोही टिकला नाही.

मला इस्पितळाच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. श्यामलाबाईंना दुसरी शीर मिळाली का, हे मला कुणीच सांगितलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या आजीला किंवा आजोबांना अशी नळी लावली असेल, तर ती धुवायच्या वेळी त्यांना खुशाल उठवा. चिडतील, ओरडतील. ओरडू देत. ते घरात असले तरच ओरडतील ना?