बुढ्याचा भोंगा अन् माझी पेटी

आमच्या बुढ्याले श्वास घ्याले एक गोरा माणूस लागे. हसू नका, ऐका आधी.

बुढा म्हणजे आमचे हे, नत्थूजी. तोंडावर अहो-जाहो, माघारी बुढा, आमच्या नंदनवन वस्तीत साऱ्याच बायाइचं असंच चालते. लग्नाच्या बँडात ट्यूबा वाजवतात. एवढा मोठा पितळी भोंगा, मांडीवर घेतला का माणूस दिसतच नाही, नुसता भोंगा अन् खाली दोन चपला. वरातीत नाचणाऱ्याइले तो ऐकू येत नाही, पण बंद पडला तं त्याइचे पाय अडखळतात, असं हे म्हणतात. मी काही तपासाले गेली नाही.

औंदा पावसाळ्यात बँडमास्तर चंपतराव घरी आले. माझ्या हातचा चहा प्याले अन् म्हणाले, "नत्थूजी, तुमचा दम उतरला गा. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी बँडच्या दुकानावर या, साऱ्याइसमोर लंबा सूर धरून दाखवा. नाही जमलं तं या लग्नसराईत झांज वाजवा."

बँडात झांज कोणाले देतात, माहीत आहे? ज्याले दुसरं काही येत नाही अन् ज्याले काढूनही टाकता येत नाही, त्याले. जिंदगीभर भोंगा वाजवला त्या माणसाले झांज. चंपतरावाच्या चहात साखर टाकली याचा मले पस्तावा झाला.

आमची पोरगी उन्नती उमरेडले दिली आहे. तिनं बापाच्या फोनवर सरावाचा एक व्हिडिओ पाठवला. कोणतातरी गोरा ट्यूबावाला मोजून मोजून रोजची तयारी करून घेते, मागं पियानो वाजते, आपण त्याच्या संगं वाजवाचं. आधी नुसता श्वास. मंग भोंग्याच्या तोंडाची वाटी काढून ओठाइनं फर्रर्र. मंग लंबे सूर, मंग सूर वर नेणं अन् खाली आणणं. आता तुमीच सांगा, सकाळच्या पहारी म्हातारा माणूस ओट्यावर बसून फर्रर्र करून राहिला अन् दूधवाला टुकूटुकू पाहून राहिला, मी तोंड कुठं लपवू? पण दम वाढत होता, खोटं कशाले बोलू.

फोन ठेवत कूलरवर. मी म्हटलं, "अजी, तिथं नका ठेवू." ऐकतील तं नत्थूजी कसले. एका सकाळी खालचा जाडा सूर असा लागला का कूलरचा पत्रा थरथरला, फोन सरकत सरकत गेला अन् टाकीत डुबुक. गोरा पाण्यातही मोजत होता, वन, टू. मंग मेला. तांदळाच्या डब्यात पुरला, तरी उठला नाही. नवा फोन उन्नती दिवाळीत आणणार, अन् कोजागिरी तं दिवाळीच्या आधी.

दुसऱ्या दिवशी बुढा भोंगा घेऊन बसला तं सूर अर्ध्यावरच तुटे. पुन्हा लावे, पुन्हा तुटे. मी म्हटलं, "काहून जी, काल तं चांगला चालला होता."

"मागं कोणी नसलं का मले माझाच दम ऐकू येते," हे म्हणाले. "मंग भीती वाटते."

असं हा माणूस माझ्यासमोर कधी बोलला नव्हता.

आमच्या भजनी मंडळाची पेटी माझ्याच घरी राहते. कपाटावरून काढली, पुसली अन् म्हटलं, "लावा सूर." त्याइनं लावला. मी पट्ट्या चाचपून पाहते तं काय, काळी पाच. आमच्या बायाइचं भजनही काळी पाचमध्येच चालते. इतकी वर्षं एका घरात, एकाच सुरात राहून आमी भांडत होतो.

मंग रोजचंच झालं. गोऱ्यावानी वन टू मोजणं मले येत नाही. मी म्हणे, "घ्या श्वास. अजून घ्या. पोटात घ्या, जिथं पोहे टाकता तिथं." मी भाता मारत राहे, तोवर सूर सोडाचा नाही. सोडला तं चहा नाही. सूर वरखाली कराची वेळ आली का मी मधातच भजनाची चाल घुसवून देई. देवानं कान झाकले असतील तं माझी काही हरकत नाही.

आता मनातलं सांगते. मले हे आवडाले लागलं होतं. लग्न झालं तवापासून सराई म्हणजे बुढा दुसऱ्याच्या लग्नात. आज सावनेर, उद्या मौदा, पहाटे यावं अन् दुपारपर्यंत घोरावं. आता कुठं हा माणूस सकाळी माझ्यासमोर बसून माझ्या हाताकडे पाहून राहिला होता. पास झाला तं पेटी परत कपाटावर. म्हणून कोजागिरीचं दूध आटवता आटवता मी देवाले सांगून टाकलं, होऊ दे नापास.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "तू चाल. पेटी घे." बँडच्या दुकानावर बाई कधी गेली होती का? पण गेली. ऑटोत एका बाजूनं भोंगा, एका बाजूनं पेटी, मधात मी.

दुकानात सारे वाजवणारे बाकड्यावर बसले होते. चंपतराव मले पाहून हसले. "वहिनी, आज भजन ठेवलं का? नत्थूजी, आता बायकोच्या पेटीवर भोंगा वाजवता? सोडा गा. हे घ्या, वयाले शोभते." अन् झांज पुढं केली.

बुढ्यानं हात पुढं केला. खरंच केला. माझ्या डोस्क्यात रक्त चढलं. नापास हो म्हटलं होतं मी, पण असं नव्हतं म्हटलं. मी तिथंच जमिनीवर बसकण मारली, भाता उघडला अन् काळी पाच दाबली.

"घ्या श्वास," मी म्हटलं. "पोटात घ्या."

त्याइनं हात मागं घेतला, भोंगा मांडीवर ओढला अन् सूर लावला. मी भाता मारत गेली, सूर चालत गेला. बाकड्यावरचे पोट्टे आधी हसत होते, मंग माना लांबवून भोंग्याकडे पाहाले लागले. चंपतरावाच्या हातातली झांज आपोआप झणझणाले लागली, तशी त्यानं ती काखेत दाबून धरली.

"पुरे, पुरे," चंपतराव म्हणाले. "भोंगा तुमचाच. उद्यापासून तालमीले या."

साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या. मी भाता बंद केला. आनंद झाला होता, अन् रडूही येऊन राहिलं होतं. पेटीची कडी लावाले लागली तं हे म्हणाले, "काहून बंद केली?"

"झालं ना. पास झाले."

"ते चंपतरावाचं झालं. आपलं अर्धंच झालं, वरखालीचं राहिलं."

"नत्थूजी, अजून दुसऱ्याइचीही परीक्षा घ्याची आहे गा," चंपतराव म्हणाले.

"थांबा गा थोडं," हे म्हणाले. मंग माझ्याकडे पाहून हळूच बोलले, "सराईतही सकाळी बसाचं. रात्री कितीही वाजता आलो तरी. तू उठशीन ना?"

"मी तं उठतेच," मी म्हटलं. "घोरता तुमी."

मी कडी काढली, अन् आमचं पूर्ण होईस्तोर अख्खा बँड बसून राहिला.