मला फक्त नंबर कळायचे

मी इचोड्याच्या टेलिफोन बूथमधला जुना मीटर आहे. मित्रांनो, मीटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर विजेचा मीटर येईल. मी तो नाही. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘एस.टी.डी.’ लिहिलेली दुकानं तुमच्या आईवडिलांनी पाहिली असतील. तिथं काचेच्या खोलीत फोन असायचा आणि बाहेर टेबलावर माझ्यासारखा एक डबा. आत कोणी नंबर लावला की तो माझ्या कपाळावर लाल आकड्यांत उमटायचा. शेजारी सेकंद धावायचे. फोन ठेवला की मी कर्रकर्र करत चिठ्ठी काढायचो. तिच्यावर तारीख, वेळ, लावलेला नंबर आणि बोलणं किती मिनिटं चाललं हे छापलेलं असायचं. एक प्रत माणसाच्या हाती जायची. दुसरी माझ्या पोटातल्या कागदाच्या रिळावर गुंडाळली जायची.

म्हणजे काचेपलीकडे कोण काय बोललं, हे मला कधीच कळलं नाही. ओठ हलताना दिसायचे. कोणी हसायचं, कोणी भिंतीला टेकून खाली बसायचं. काय झालं असेल, याचं मला फार कुतूहल वाटायचं. मी फक्त आकडे छापत राहायचो.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. १९९२ साली मी आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, नागपूरच्या रस्त्यावरच्या या बाजाराच्या गावी आलो. बूथ रेणुकाबाईंचा होता. त्यांचे यजमान वारले होते आणि दुकानाची अर्धी जागा रिकामी पडली होती. सुतार काचेची खोली बनवायला आला, तेव्हा त्यांनी त्याला दार दोनदा काढून पुन्हा बसवायला लावलं. आतला आवाज बाहेर येता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता.

त्या हट्टाचं कारण मी पुढं त्यांच्याच तोंडून ऐकलं. १९८४ साली त्यांचे यजमान नागपूरच्या दवाखान्यात होते. तेव्हा गावातून थेट नंबर लागत नसे. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल सांगायचा आणि वाट पाहत बसायचं. रेणुकाबाई सकाळपासून दुपारपर्यंत बसल्या. फोन लागला तेव्हा आवाज इतका बारीक होता की तिकडच्या नातेवाइकाचं बोलणं त्यांना ऐकूच येईना. शेवटी पोस्टातल्या ऑपरेटरनं ते ऐकून पुन्हा मोठ्यानं सांगितलं. नवरा गेल्याची बातमी त्यांना तशी कळली, रांगेतल्या वीस-पंचवीस माणसांसोबत. रडू आलं तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती, असं त्या म्हणायच्या.

बूथ चांगला चालला. बाई बसलेली असल्यामुळे बायकाही न बिचकता येत. ट्रक थांबवून ड्रायव्हर येत, कापसाचे व्यापारी येत. आणि बाकावर रोज सकाळी पांडुरंगराव गुरुजी येत. ते निवृत्त शिक्षक होते. नागपूरचा पेपर हातात पडला की शास्त्राच्या, यंत्रांच्या बातम्या ते मोठ्यानं वाचून दाखवत आणि मग बाकावर चर्चा रंगे. मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषांतून लोक मत देत. परदेशात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पत्र जातं, अशी बातमी एकदा आली. पाकीट नाही, डिंक नाही, मग ते वाटेत कोण वाचत असेल, यावर दुपारपर्यंत वाद झाला. सरकारनं त्यासाठी कायदा करावा, असं गुरुजींचं म्हणणं. कायदा करणारेच वाचतील, असं एका ड्रायव्हरचं म्हणणं. मी टेबलावर बसून सगळं ऐकत होतो. आपला त्याच्याशी काही संबंध आहे, असं मला वाटलं नाही. मी पत्र कुठं वाचत होतो? मला फक्त नंबर कळायचे.

मग गयाबाईचं प्रकरण झालं.

गयाबाई ही गावातल्या भाजीवाल्या मथुराबाईंची सून. त्यांचा भाजीचा मळा होता. सासू बाजारात भाजी विकायला बसली की सून मिरची पोचवण्याच्या निमित्तानं निघे आणि पाच मिनिटं बूथवर येई, कारण माहेरी सारखं बोललेलं सासूला खपत नसे. तिचे वडील मुधोळला, तिच्या माहेरी, आजारी होते. त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन होता. मी तोच नंबर दर दोन-तीन दिवसांनी छापत असे, कधी दोन मिनिटं, कधी चार.

एके दिवशी मथुराबाई दुकानात आल्या आणि सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, आमची सून इकडं येत असते का? रेणुकाबाईंच्या मनात काही नव्हतं. त्यांनी हसत माझं रीळ उलगडलं, मुधोळचा नंबर बोटानं मोजला आणि सांगून टाकलं, या महिन्यात अकरा वेळा.

त्या दिवसापासून गयाबाई आली नाही. मिरची पोचवायला तिचा दीर जाऊ लागला.

तीन आठवड्यांनी मुधोळहून बूथवर फोन आला. वडिलांचं जास्त झालं होतं आणि ते मुलीचं नाव घेत होते. रेणुकाबाईंनी भर बाजारच्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि त्या मळ्यावर गेल्या. मथुराबाईंना समोर बसवून त्यांनीच त्यांचं मन वळवलं आणि गयाबाईला मुधोळच्या बसमध्ये बसवून दिलं. गयाबाई पोचली तेव्हा वडील होते, पण त्यांची वाचा गेली होती. दोन दिवसांनी ते गेले.

दिवस झाल्यावर ती परत आली आणि बूथवर आली. फोन करायला नाही. रेणुकाबाईंनी तिच्यासाठी चहा टाकला. मग रेणुकाबाई म्हणाल्या, चूक माझी झाली.

“तुमी वाईट कराले नाही सांगतलं, हे मले मालूम हाय, मावशी,” गयाबाई म्हणाली. “पन माझ्या बापाशी मी कितींदा बोलते, हे माझं व्हतं. माझ्यापाशी तेवढंच व्हतं.”

ती चहा पिऊन गेली. रेणुकाबाईंनी टेबलावरची रिळं उचलून पत्र्याच्या पेटीत टाकली आणि पेटीला कुलूप लावलं. मला त्या दिवशी प्रथमच माझ्या कामाची भीती वाटली. मी तिचा एक शब्दही ऐकला नव्हता. कोणालाही काही सांगितलं नव्हतं. तरी अकरा आकड्यांनी तिची वाट बंद केली होती.

यानंतर दोन वर्षांनी, १९९५ च्या कापसाच्या हंगामात, खरी परीक्षा आली. गावात भगवंतराव नावाचे कापसाचे आडते होते. शेतकऱ्यांचा कापूस त्यांच्या आवारातल्या काट्यावर मोजला जाई. एका शनिवारी आदिलाबादहून वजन-मापाचे साहेब अचानक आले आणि त्यांनी काटा तपासला. काटा दर गाडीमागं काही किलो कमी दाखवत होता. त्यांनी तो सील केला. आधी कोणीतरी त्यांच्या दफ्तरात फोन करून कळवल्याशिवाय हे होणार नाही, हे भगवंतरावांनी ओळखलं. आणि बाजारातून बाहेरगावी फोन करायला माणसं माझ्याकडेच येत.

सोमवारी सकाळी ते बूथवर आले. त्यांच्यामागं हिशेबाच्या वह्यांचं गाठोडं घेऊन त्यांचा हमाल नागोराव होता. नागोराव बायको-पोरांसह त्यांच्याच आवारातल्या खोलीत राहत असे. तो दाराशीच थांबला. बाकावर गुरुजी पेपर वाचत होते.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काचेच्या खोलीत नागोरावच उभा होता. दार घट्ट लागलं ना, हे तो पुन्हा पुन्हा ओढून पाहत होता. आदिलाबादचा तो नंबर, ती वेळ आणि ती तीन मिनिटं माझ्या रिळावर होती आणि रीळ पेटीत होतं.

भगवंतराव शांतपणे बोलले. त्यांना कोणाचं नाव नको होतं. गेल्या आठवड्याची रिळाची प्रत तेवढी पाहिजे होती. कागदावर नाव नसतंच, तेव्हा बाईंनी कोणाची चहाडी केली असंही होत नाही.

“कागदावर नाव नाही, तं तुमाले कागद कायले पायजे?” रेणुकाबाईंनी विचारलं.

“येळ पायजे,” भगवंतराव म्हणाले. “त्या येळेले माझ्या आवारातून कोन गायब व्हतं, ते मी पाहून घेतो.”

दाराशी नागोरावनं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्याची मान खालीच होती. गुरुजींनी पेपर मिटला. असा कागद मागायचा हक्क कोणाला आहे, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. भगवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नियम नाही म्हणजे मनाईही नाही, एवढंच ते म्हणाले. वर त्यांनी आठवण करून दिली की दुकानाची जागा त्यांच्या साडूची आहे.

रेणुकाबाईंनी कमरेची किल्ली काढली. पण त्यांनी किल्ली पेटीला लावली नाही. मुठीत धरून ठेवली.

“भगवंतराव, तुमच्या घरी फोन हाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तरी दर मंगळवारी तुमी इथं येता, आन दार लावून बोलता. काऊन येता, हे मी कदी इचारलं नाही. तो नंबर बी याच पेटीत हाय. घरच्यायनं इचारलं, बाहेरच्यायनं इचारलं, मी कोनाले दावला नाही. आज तुमाले दुसऱ्याचा कागद देला, तं उद्या तुमचा मागनाऱ्याले मी कोन्या तोंडानं नाही म्हनू?”

भगवंतरावांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे एवढा वेळ कोणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी टोपी सारखी केली.

“नागोराव, चाल,” ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. नागोराव जाताना रेणुकाबाईंकडे न बघताच किंचित वाकला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. बाईच्या बूथवर जाऊ नका, असं भगवंतरावांच्या माणसांनी बाजारात सांगितलं. काही दिवस लोक बसस्टँडजवळच्या दुसऱ्या बूथवर गेले आणि मी दिवसचे दिवस विझलेला बसून राहिलो. साडूकडूनही जागा सोडण्याचा निरोप आला. गुरुजींनी टेलिफोनच्या दफ्तराला पत्र लिहून नियम विचारला. उत्तर आलं की बिलाची तक्रार आली तर असावेत म्हणून कागद महिनाभर ठेवावेत. ते कोणाला दाखवावेत आणि कोणाला नाही, यावर एक ओळही नव्हती. तेव्हा रेणुकाबाईंनी आपला नियम आपणच केला. महिना भरला की रीळ चुलीत. त्याआधी ज्याचा फोन त्यालाच चिठ्ठी. गुरुजींनी हा नियम मराठीत आणि तेलुगूत सुंदर अक्षरात लिहून काचेवर चिकटवला.

लोक हळूहळू परतले. पहिल्यांदा बायका आल्या. आणि पाचव्या मंगळवारी भगवंतराव आले. कोणाशी न बोलता आत गेले, दार लावलं आणि अकरा मिनिटं बोलले. नंबर हैदराबादचा होता. पलीकडे कोण होतं, हे मला आजही ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. जाताना ते एवढंच म्हणाले की जागा सोडायला नको, साडूला सांगितलं आहे. त्यांच्या आवारात नवा काटा आला आणि नागोराव त्याच काट्यावर कापूस चढवत राहिला.

मी सात वर्षं काम केलं. मग माझ्या कपाळावरचे आकडे अर्धे विझू लागले. आठाचा सहा दिसे, सहाचा पाच. लोक कुरकुर करू लागले. रेणुकाबाईंनी नवा मीटर आणला आणि मला पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. आता माझ्यावर धूळ बसते. पण ऐकू सगळं येतं.

१९९९ साली पांडुरंगराव गुरुजी मुद्दाम आदिलाबादला जाऊन आले. तिथं एका दुकानात इंटरनेट आलं होतं. आल्या आल्या ते बाकावर बसले आणि सांगू लागले. नागपूरचा पेपर पडद्यावर दिसतो. अमेरिकेतला माणूस पत्राला तासाभरात उत्तर देतो. ऐंशीच्या घरातले गुरुजी अगदी पोरासारखे खुलले होते. मग त्यांचा स्वर बदलला. त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं, मी काय वाचलं, कोणाला लिहिलं, याची नोंद कुठं राहते का? तो म्हणाला, राहते. कुठं राहते, म्हटल्यावर त्यानं खांदे उडवले. त्यालाही माहीत नव्हतं.

रेणुकाबाई एका बाईची चिठ्ठी फाडून देत होत्या. ती बाई गेल्यावर त्या गुरुजींकडे वळल्या.

“कुठं राह्यते, हे तं इचारलं तुमी,” त्या म्हणाल्या. “पन गुरुजी, त्याच्यापाशी कोन बसून राह्यते, अन तो मानूस कसा हाय, हे इचारलं का?”

हे विचारायचं गुरुजींना सुचलंच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यानंतर माझ्याहून हुशार यंत्रं आली. ती तुमच्या हातात आहेत, खिशात आहेत. मला फक्त आकडे ठेवता यायचे, त्यांना सगळं ठेवता येतं. तुम्ही ती जपता, पुसता, पडू देत नाही. तितक्याच काळजीनं एकमेकांचं बोलणं जपा. आणि तुमच्या आकड्यांपाशी कोण बसलं आहे, हे विचारायला लाजू नका. आम्हा यंत्रांना काहीही विसरता येत नाही आणि काही लपवताही येत नाही. नाही म्हणणं फक्त माणसाला जमतं.