डाव्या चाकाचा बोल्ट

“चाकांचे दोनच हिरवे दिवे लागतायत,” रेडिओवर विमान शिकवणाऱ्या मॅडमचा आवाज आला. “डाव्या चाकाचा लागत नाहीये.”

टॉवरवाल्याने खिडकीतून हाक मारली तसे मिस्त्री हात पुसत जिना चढले. फ्लाइंग स्कूलची चारही विमानं सत्तावीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जात होती. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. विमान टॉवरसमोरून अगदी खालून गेलं. पुढचं चाक नीट उतरलं होतं, उजवंही. डावं अर्ध्यावर लोंबकळत होतं.

“हातपंप मारून बघा,” मिस्त्री म्हणाले.

“कधीचे मारतोय. डॉक्टर घामाघूम झालेत.”

डॉक्टर म्हणजे पन्नाशीत विमान शिकायची हौस आलेले दातांचे डॉक्टर. ही त्यांची नववी फेरी.

“चाकं परत वरही जात नाहीयेत. मिस्त्री, खरं सांगा, डावं येईल का खाली?”

मिस्त्रींनी दुर्बीण खाली ठेवली. “नाही येणार. उजव्या चाकावर उतरा. डावा पंख जमेल तेवढा वेळ वर धरा. टेकायच्या आधी इंजिन बंद, दार उघडं.”

पेट्रोल कमी व्हावं म्हणून मॅडमनी पाऊण तास घिरट्या घातल्या. बंब धावपट्टीच्या कडेला येऊन उभा राहिला. टॉवरवाल्याने चहा मागवला आणि कोणी प्यायला नाही.

विमान आलं ते आवाज न करता. उजवं चाक टेकलं, पुढचं टेकलं. बरंच अंतर ते एका कुशीवर तोल सांभाळत धावलं. मग डावा पंख हळूहळू खाली आला, जमिनीला घासला, आणि विमान गर्रकन फिरून गवतात जाऊन थांबलं. धूळ उडाली. आग लागली नाही. आधी डॉक्टर उतरले, मग मॅडम. डॉक्टर गवतात वाकून चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या कपाळावरच होता.

तीन दिवसांनी चौकशी अधिकारी आले. डाव्या चाकाचा तुटलेला बोल्ट त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

“धातूतच दोष दिसतोय,” ते म्हणाले. “तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी तपासून सही केलीये. म्हणजे चूक तुमची नाही.”

“तो काढून मापायचा असतो,” मिस्त्री म्हणाले. “मी काढला नव्हता. हाताने हलवून बघितला. घट्ट लागला.”

“घाईत होतात?”

“नाही. वाटलं, हाताला कळतं.”

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. “हे असंच लिहू?”

“लिहा.”

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, “तो माणूस स्वतःहून सोडत होता ना तुम्हाला? मग कशाला बोलायला गेलात?”

“मॅडमनी रेडिओवर सांगितलं ना, डावा दिवा लागत नाही म्हणून. तेव्हाच मला कळलं होतं, कुठला बोल्ट ते. दुर्बीण लावायच्या आधीच.”

बायकोने भाजी नेहमीपेक्षा जास्त वाढली.

मिस्त्रींचा सही करायचा अधिकार वर्षभरासाठी गेला. नोकरी राहिली. आता काम ते करत, आणि सही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला इंजिनियर करी. तो सही करताना दर वेळी मान खाली घाली. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, “अरे, आधी बोल्ट बघ. मग माझ्याकडे नाही बघितलंस तरी चालेल.”

चार महिन्यांनी ते विमान दुरुस्त होऊन पुन्हा उभं राहिलं. पहिल्या उड्डाणाला मॅडम आल्या. त्यांनी विमानाभोवती चक्कर मारली, कागद वाचले आणि मिस्त्रींपाशी येऊन थांबल्या.

“ठीक आहे ना?”

“सही इंजिनियरची आहे, मॅडम. त्याला विचारा.”

“त्याला विचारलं. आता तुम्हाला विचारतेय.”

“दहा मिनिटं थांबाल?” मिस्त्री एवढंच म्हणाले. मग पाना घेऊन डाव्या पंखाखाली उताणे झोपले.

तिरपं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. मॅडम दोन पावलं बाजूला सरकल्या, तसं ते त्यांच्या सावलीने अडलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. दहाची वीस मिनिटं झाली, तरी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.