धाकट्याची भूक

गुरुसिद्धप्पाने ताटातली काकडी संपवली आणि पनीरचा तुकडा तोंडात टाकणार, एवढ्यात दारात उभ्या असलेल्या आईच्या हातून तांब्या निसटला. पाणी शहाबादी फरशीवरून वाहत त्याच्या पाटाखाली आलं. ईरम्माचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मडिवाळ," ती म्हणाली, "कवा आलास रं?"

चुलीपाशी भाकरी थापणारा सिद्धेश्वरीचा हात थांबला. गुरुसिद्धप्पाची बायको दानेश्वरी हातातलं पीठ झटकत उठली.

"अव्वा, हे थोरले हायत. तुमचा गुरुसिद्ध."

"मला काय दिसत न्हाय व्हय? थोरल्याचं तोंड कसं हाय, भरल्या पोत्यागत. ह्यो माझा धाकटा."

"घ्या!" सिद्धेश्वरी हसून म्हणाली. ती रोज सकाळी थापायला यायची आणि तिच्या जिभेला सुट्टी नसायची. "घरात दीडशे भाकऱ्या रोज, आन मालक पाला खात्यात. म्या म्हनलंच हुतं दानक्काला, एक दिवस आईसुदिक वळकनार न्हाय म्हनून."

दोघी हसल्या. गुरुसिद्धप्पा हसला नाही. मडिवाळप्पाला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

त्यांचं घर सोलापूरजवळच्या कुंभारीत. दानेश्वरीच्या हातच्या कडक भाकऱ्या सोलापुरातल्या दुकानांत जायच्या. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची, तीळ लावलेली बाजू आगीकडे. दिवसभर घरात तो खरपूस वास भरलेला असे. त्याच वासात बसून गुरुसिद्धप्पाने संक्रांतीची गड्डा यात्रा झाल्यावर भाकरी सोडली होती. पायाच्या अंगठ्याला लागलेलं दोन महिने भरून येईना, साखर तीनशेच्या वर गेलेली. पुण्याच्या मुलाने, दिग्विजयने, फोनवर यादी पाठवली. भाकरी नाही, भात नाही, पोळी नाही, गूळ नाही. पालेभाजी, दही, पनीर, मूठभर शेंगदाणे. त्याला तो लो-कार्ब म्हणायचा. सिद्धेश्वरी त्याला शेरडाचं जेवण म्हणायची.

पहिले आठ दिवस वाईट गेले. डोकं जड झालं, तोंडाला लोखंडासारखी चव आली, माणसांवर उगाच खेकसणं सुरू झालं. नंतर एकाएकी अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं हलकं वाटू लागलं. गुडघे गप्प झाले. दुपारची गुंगी गेली. अंगठ्याची जखम कडेने गुलाबी होत होत बुजली. वैशाखापर्यंत सतरा किलो उतरले. डॉक्टरांनी त्याचा कागद दुसऱ्या पेशंटला दाखवला. दानेश्वरी गल्लीत सांगत सुटली.

पण ईरम्माने पाहिलं, ते गुरुसिद्धप्पाने तिच्या आधी महिनाभर पाहिलं होतं. अंघोळ करून तो आरशासमोर कपाळाला विभूती लावत होता. तीन बोटं कपाळावरून अर्ध्यात आली आणि थांबली. गाल आत गेलेले, हाडं वर आलेली, डोळे मोठे. जाड्या चेहऱ्याखाली इतकी वर्षं दुसराच कोणी दडून बसला होता आणि मांस ओसरलं तसा उघडा पडला होता.

त्यांच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. मडिवाळलाही भिंतीला टेकवून बसवला होता, अंगभर विभूती लावून, गळ्यात हार घालून. मान ठरत नव्हती. मागे बसून ती धरायचं काम थोरल्या भावाचं. अंत्ययात्रेच्या विमानात, सजवलेल्या पालखीत, बसवेपर्यंत गुरुसिद्धप्पाने ते डोकं दोन्ही तळव्यांत सरळ धरून ठेवलं होतं. शेवटचं तोंड बघायला येणारा प्रत्येक जण समोरून बघत होता. त्याने समोरून एकदाच पाहिलं होतं. ते एकदाचं पाहिलेलं आता रोज सकाळी आरशात येऊ लागलं. त्या दिवसापासून तो विभूती न बघता लावू लागला.

तांब्या पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दानेश्वरी भाकऱ्यांचे गठ्ठे घेऊन रिक्षाने सोलापूरला गेली होती. सिद्धेश्वरी घरी गेली होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, एवढं ऊन. गुरुसिद्धप्पा बाहेरच्या सोप्यात आडवा झाला होता. ईरम्मा भिंतीला धरत धरत आली आणि त्याच्या उशाशी बसली. दार एकदा बघून घेतलं. मग पदराखालून भाकरी काढली. कडक नव्हे, मऊ, सकाळीच मागून लपवून ठेवलेली. वर शेंगाची चटणी आणि लोण्याचा गोळा. लोणी वितळून तिच्या मनगटावर ओघळलं होतं.

"ऊठ. खा."

"अव्वा, मला चालत न्हाय."

"हळू बोल." ती आणखी जवळ सरकली. "अण्णा बाजाराला गेलाय. त्यो यायच्या आत खाऊन घे. त्याला कळू द्यायचं न्हाय."

गुरुसिद्धप्पा उठून बसला. मडिवाळ त्याला अण्णा म्हणायचा. या घरात त्याला अण्णा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मडिवाळला मुदतीचा ताप, टायफॉइड, आला होता. वडील आधीच गेलेले, घर गुरुसिद्धप्पाच्या शब्दावर चालायचं. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ पेज आणि मुगाचं पाणी, बाकी काही नाही. गुरुसिद्धप्पाने भाकरीची बुट्टी पेटीत ठेवली आणि किल्ली करदोड्याला बांधली. चौदाव्या दिवशी ताप उतरला. गुरुसिद्धप्पा एकटाच दवाखान्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता दुधात भाकरी कुस्करून द्या, मऊ भात द्या. पण मुदत एकवीस दिवसांची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. मळ्यातला एक गडी अठराव्या दिवशी भाकरी खाऊन दगावला होता. आणखी सात दिवस, त्यात काय. घरी येऊन त्याने सांगितलं, डॉक्टर म्हणाले अजून पेजच.

मडिवाळ मागायचा. आधी ओरडून, मग विनवून, मग नुसता बघून. "अण्णा, एक चतकोर." एकोणिसाव्या दिवशी पहाटे तो गेला. भाकरी दिली असती तर वाचला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले होते, हे एकट्या गुरुसिद्धप्पाला ठाऊक होतं.

"त्या दिवशी आनली हुती तुझ्यासाठी," ईरम्मा म्हणाली. "शेजारनं मागून आनली. तुझ्या दारापतोर आले. अण्णा तितं बसलेला. माझा पाय उचलला न्हाय रं. परत नेली."

तिने चतकोर मोडला, चटणी लावली आणि घास त्याच्या ओठांजवळ धरला. हात मागे हटत नव्हता.

"अण्णावर राग धरू नको. त्याला डाक्टरनं सांगितलेलं."

राग नाही, एवढं म्हणायला हरकत नव्हती. पण ते ज्याने म्हणायचं तो इथे नव्हता आणि त्याच्या वतीने माफी देऊन टाकायची, तीही स्वतःलाच, एवढा निलाजरेपणा त्याच्यात नव्हता. त्याने तोंड उघडलं. सव्वाशे दिवसांनी ज्वारी जिभेवर आली. तो चावत राहिला आणि ईरम्मा त्याच्या घशाकडे बघत राहिली, घास खाली उतरेपर्यंत.

मग ते रोजचं झालं. दानेश्वरी गेली की ईरम्मा यायची. आधी अर्धी भाकरी, मग एक, मग दोन. एकदा भाकरी पोटात गेली की निजलेली भूक जागी व्हायची आणि संध्याकाळी पालेभाजी बघवत नसे. आषाढात तो भात खाऊ लागला. नागपंचमीला शेंगापोळ्या झाल्या, त्यातल्या चार त्याने उभ्याने खाल्ल्या. दुपारी डोळ्यांवर झापड येऊ लागली, तहान भागेना, संध्याकाळी पावलं सुजून चपलेचा पट्टा रुतू लागला.

दानेश्वरीने एक दिवस रिक्षा चुकली म्हणून परत येऊन बघितलं. सासू नवऱ्याला भरवत होती. ती आत गेली. ईरम्मा झोपल्यावर बोलली.

"किती दिस चाललंय?"

"दोन महिनं."

"आन मी येडी, पनीर आनायला सोलापूरभर फिरतेय." तिने डबा आपटला. "अव्वाला भरम हाय. तुमाला काय झालंय? मी सांगते त्यास्नी, मडिवाळभावजी न्हाईत म्हनून."

"सांगू नको."

"मग पाय तोडून घेनार हायसा का?"

"दाने, एवढं एक मला करू दे."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. या आवाजात त्याने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिने दिग्विजयला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"अप्पा, आठवड्यातून एक दिवस चालतंय की," दिग्विजय म्हणाला. "पण तुमच्या आठवड्यात सातही दिवस तोच वार हाय म्हनं."

गुरुसिद्धप्पाला हसू आलं. बरोबर आहे, म्हणाला. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जेवला. ईरम्माच्या तोंडावर इतक्या वर्षांत न पाहिलेली एक निवांत कळा आली होती. ती स्वतःही दोन घास जास्त खाऊ लागली होती. रात्री बडबडत उठायची, ते थांबलं होतं.

भाद्रपद संपता संपता अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन उजेडात धरला. या वेळी त्याचा कागद त्यांनी कोणाला दाखवला नाही.

"आजपासून भाकरी बंद," ते म्हणाले. "मागच्यासारखं कडक पाळलंत तर अंगठा राहील. नाहीतर पुढच्या महिन्यात मी तुमचं काही ऐकणार नाही."

घरी येऊन तो सोप्यात बसला. पायाला पट्टी होती. दानेश्वरी मेथी आणायला गेली होती, जाताना म्हणाली होती, आज अव्वाला काय सांगायचं ते तुमीच सांगा. तो शब्द जुळवत बसला. मला भूक नाही. माझं पोट दुखतंय. कुठलाही शब्द घेतला तरी तो पुन्हा एकदा तिच्या धाकट्याला उपाशी ठेवणाराच होता.

भिंतीला धरत ईरम्मा आली. उशापर्यंत आली आणि थबकली. तिने वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. भरलेले गाल, गळ्याखालची वळी. खूप वेळ पाहिलं. मग तिचा हात झटकन मागे गेला आणि पदराखालची भाकरी तिने पाठीशी धरली.

"थोरल्या, तू व्हय?"

"व्हय अव्वा."

"मडिवाळ कुटं गेला?"

गुरुसिद्धप्पाने तिच्या खांद्यामागून दिसणारी भाकरीची कड पाहिली. अंगात थोडी ताकद असती तर ती पळाली असती, अशी ती उभी होती.

"गेला," तो म्हणाला.

"जेवला का?"

"जेवला. पोटभर जेवून गेला."

तिचा श्वास सुटला. ती हळूच खाली बसली, भाकरी मात्र अजून मागेच होती.

"तू त्याला बोलला न्हाईस न्हवं?"

"न्हाय अव्वा." त्याने ओठ ओले केले. "अव्वा, त्या वक्ताला डाक्टर मला म्हनला हुता..."

ती ऐकत नव्हती. तिचं लक्ष दाराकडे होतं, नुकतंच कोणीतरी तिथून गेल्यासारखं.

"परत कवा येतो म्हनला?"

गुरुसिद्धप्पाने हिशेब केला. काकडी, मेथी, पनीर. सतरा किलो. ते गाल पुन्हा आत जायला, ती हाडं वर यायला चार महिने.

"माघात येईल," तो म्हणाला.

ईरम्माने मान डोलावली. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घातल्यासारखं म्हणाली,

"मग त्या वक्ताला तू घरी थांबू नको. तू असलास की त्यो खात न्हाय."

"बरं, अव्वा," गुरुसिद्धप्पा म्हणाला.