होडी ढकलण्याआधी

"बालेओ! बालेओ!" टेकडीवरून आरोळी आली आणि अख्खं गाव किनाऱ्याकडे धावत सुटलं. देवमासा दिसला होता, तोही एकवीस दिवसांनी! शाळेचे वर्ग तर एका दमात रिकामे झाले.

गोरिस भाला घेऊन होडीपाशी पोचला. होडीच्या टोकावरून भाल्यासकट माशावर उडी घ्यायची ती त्यानेच; मागच्या बारा वल्हेकऱ्यांचा जीव त्याच्या हातात. म्हणून तर सुकाणूवाले डोरेकाका निघण्याआधी दरवेळी विचारत. घरात तंटा असलेला माणूस त्या टोकावर चढत नसे.

"गोरिस, घरात सगळं ठीक ना रे?"

मागच्या वेळी तो "ठीक" म्हणाला होता. साफ खोटं! थोरली मुलगी तेरेसिया त्याच्या मनाविरुद्ध नर्सिंग शिकायला दूर कुपांग शहरात गेली, तेव्हापासून त्याने अबोला धरला होता. तिचा फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. घास उतरत नव्हता, झोप तर नाहीच. त्या दिवशी ऐन उडीच्या वेळी त्याचं लक्ष उडालं, भाल्याचा दोर भलतीकडे सरकला आणि वल्हेकरी क्लेमेन्सची दोन बोटं गेली. तरी गोरिस गप्पच. पुढे उभं राहणाऱ्याने रडगाणं गायचं नसतं, असं त्याला वाटायचं.

आज क्लेमेन्स हाताला फडकं गुंडाळून पुन्हा वल्हं धरून उभा होता.

"बोला की गोरिसदादा! का उरलेली बोटं मोजून ठेवू?"

सगळे हसले.

"नाही ठीक," गोरिस म्हणाला. "पोरीशी चार महिने बोललो नाही. मागच्या वेळीही हेच होतं. क्लेमेन्स, तुझी बोटं माझ्यामुळे गेली."

हसू जागच्या जागी विरलं. क्लेमेन्सने तोंड फिरवलं.

"यानुस, भाला घे," डोरेकाका दुसऱ्या एका वल्हेकऱ्याला म्हणाले. "बायकोशी भांडलास का?"

"तिच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप आहे का, काका?"

गोरिसने खांदा लावून होडी पाण्यात ढकलली. कमरेएवढ्या पाण्यात तो एकटाच मागे राहिला, वीस वर्षांत पहिल्यांदा. मग किनाऱ्यावर ठेवलेला फोन घेऊन ओल्या कपड्यांनीच टेकडी चढला. रेंज तिथेच धड यायची. त्याने तेरेसियाला फोन लावला.

"बाबा? तुम्ही? होडी नाही गेली?"

"गेली. मी नाही गेलो."

"बरं नाही का तुम्हाला?"

"नाही गं," म्हणत तो दगडावर बसला. "तू जेवलीस का?"