धुवायला बंदी असलेला स्वेटर

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या खांद्यावर दिसतंय ते रक्त नाही, नुसता रंग आहे. मी एक जुना हिरवा स्वेटर आहे आणि खरं सांगू? पार थकलोय.

मला एका आईने लेकीसाठी विणलं. लेक पुढे मालिकेत नायिका झाली. एकदा मला घालून ती सेटवर आली आणि दिग्दर्शक म्हणाला, "अपघाताच्या सीनला हाच राहू दे." झालं! मला वाटलं, नशीब फळफळलं. लोक म्हणे दुकानात जाऊन माझ्यासारखाच स्वेटर मागायचे. पण मालिकेतला तो एक दिवस काही संपता संपेना. तीन आठवडे तोच अपघात, तोच डाग. डाग फिका झाला तर आधीच्या दृश्याशी जुळणार नाही, म्हणून मला धुवायला बंदी. पोरगीही रोज तेरा तास उभी. घास तोंडात गेला की हाक यायची.

अशात तिच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी अकराला आत नेणार होते. त्याआधी तिला आईला भेटायचं होतं, बस, एवढंच. पण "तुझ्यावाचून अडेल गं, एकच शॉट दे" म्हणत दिग्दर्शकाने चार घेतले. साडेदहाला ती तशीच पळाली. कपाळावर मेकअपची जखम, अंगात मी.

हॉस्पिटलच्या दारातच नर्सने तिला धरलं. "अहो ताई, बसा आधी! केवढं लागलंय!"

"खोटं आहे हो ते! आईला आत नेतायत, सोडा मला!"

आईचा स्ट्रेचर लिफ्टपाशी पोचला होता. लेकीच्या डोळ्यांखालचा मेकअप घामाने उतरला होता. आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "जखम खोटी आहे, ठाऊक आहे मला. रोज बघते की मालिका. पण डोळ्यांखालचं काळं खरं आहे ना गं?"

पोरगी धाय मोकलून रडली. लिफ्टचं दार लागलं, तोच सेटवरून फोन आला, "अगं, स्वेटर तुझ्या अंगात गेला की!"

तिने मला उतरवलं आणि तिला सोडायला आलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. "दादा, हा घेऊन जा. आई बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

सेटवर मला दुसऱ्याच मुलीच्या अंगात चढवलं, तिला पाठमोरं उभं केलं आणि अर्ध्या तासात काम उरकलं. काही अडलं नाही. मग सकाळी पोरीला उगाच अडवलं, याचं मला फार वाईट वाटलं.

आई सुखरूप आहे, हे नंतर ड्रेसवाल्या काकांच्या बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, आपल्यावाचून अडतं असं कुणी म्हटलं की गोड वाटतं. मलाही वाटायचं. पण दमलेल्या माणसाला वेळेवर घरच्यांकडे जाऊ द्या, एवढंच माझं मागणं आहे. सेटवर तिच्या जागी कुणीही पाठमोरं उभं राहिलं. लिफ्टपाशी कुणाला उभं केलं असतं?