बाबांचा मकनीन

बाबांनी अन्न सोडलं होतं. ब्लिदाला माझ्या भावाच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचं एकच पालुपद, "माझा मकनीन आणा, मग जेवतो." सख्खी मुलगी पायाशी, सून उशाशी, आणि म्हाताऱ्याला हवा होता तो लाल तोंडाचा मूठभर पक्षी! मला रागच आला. तरी शेवटी मीच अल्जियर्सला गेले, बाबांच्या शेजारणीकडे ठेवलेला पिंजरा घेतला, त्यावर शाल टाकली आणि परतीची शेअर टॅक्सी धरली.

मकनीन पाळायला कायद्याने बंदी आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी आमच्या गल्लीत पिंजरा नसलेली गॅलरी शोधून दाखवा.

नाक्यावर पोलिसांनी टॅक्सी अडवली. शिपाई खिडकीशी वाकला आणि नेमकं तेव्हाच रेडिओवरच्या मँडोलिनला शालीखालून उत्तर गेलं. इतकं गोड की शिपाईही हसला. मग त्याने वनरक्षकाला हाक मारली. लुनिस नावाचा तरुण होता, बोलायला सभ्य.

"खाला, परवाना आहे?"

"अरे, बाबांच्या स्वयंपाकघरात अंड्यातून निघालाय तो. रान कशाशी खातात त्याला ठाऊक नाही."

"सगळे हेच सांगतात. या देशातला एकूण एक मकनीन स्वयंपाकघरातच जन्मलाय!"

"माझे वडील उपाशी आहेत रे बाळा. दंड घे, मला कोठडीत टाक. पक्षी तेवढा पोचू दे."

"खाला, पलीकडे ते रान आहे ना, तिथे मी रोज फिरतो. यंदाच्या वसंतात एकही मकनीन ऐकला नाही. एकही."

तरुणपणी बाबाच त्या रानातल्या फांद्यांना चीक लावून पक्षी धरायचे. पोरगा खरं बोलत होता, म्हणून तर मला त्याचा जास्त संताप आला.

रस्त्याकडेच्या झाडांखाली त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. पक्षी आतल्या दांडीला चिकटून बसला. लुनिसने हात घालून त्याला बाहेर काढलं, वर सोडलं. पक्ष्याने एक घिरटी घेतली आणि तो थेट माझ्या डोक्यावरच्या रुमालावर येऊन बसला. पुन्हा उडवला, पुन्हा तेच. टॅक्सीतली माणसं हसायला लागली.

लुनिस हसला नाही. "तो तुमच्या अंगावर आहे तोवर तुमच्या ताब्यात आहे, खाला. मला तसा गुन्हा लिहावा लागेल. तुम्हीच हाकला."

तेवढ्यात फोन वाजला. भावाने तो बाबांच्या तोंडाशी धरला असावा.

"कुठे पोचलीस? तो बरा आहे ना गं?"

बाबांचा आवाज ऐकला मात्र, माझ्या डोक्यावर मकनीनने अशी तान घेतली की हसणारे गप्प झाले.

"गातोय!" बाबा ओरडले. "सूनबाई, वाटीभर चोरबा सूप गरम कर. येतोय तो!"

लुनिसने मान खाली घातली. शिपाई आमच्याकडेच बघत होता. मी फोन छातीशी दाबून धरला, दुसरा हात डोक्यावर नेला आणि बाबांच्या मकनीनला हाकललं. तो परत आला. मी आणखी जोरात हाकललं.